आपाची शेगडी खाली आली

२७ जाने., मंगळ.
सकाळी महापालिकेची गाडी भोंगा लावून गेली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपट्टीत सूट. घरात भाडेकरू असला तर नाही. माणूस घर बघायला येणार म्हणे.
वर शकीलाआपाचं शिलाई मशीन चालू होतं. तीस वर्षं ती माझी भाडेकरू. त्या आवाजात डोळा लागला. स्वप्नात हे आले, गेल्यावर पहिल्यांदाच. हातात टेप, अंगण मोजत होते. अंगण काही संपेना.

२८ जाने.
पुण्याहून प्रशांतचा फोन. "आई, आपाला दुसरी खोली बघायला सांग. नाहीतर घर विक अन् इकडं ये." लेकच तो, वाईट नाही. पण पेन्शनीत पट्टी झेपत नाही अन् त्याच्याकडून घेतली की घर त्याच्याच मनानं चालणार. सूट मिळाली तर मी इथंच मरेन, निवांत. आणि आपा? पुढं लिहवत नाही.

३० जाने.
आपाला सांगितलं. म्हटलं, तो माणूस आला की तू माझी बहीण.
"झूठ नक्को, बाई. रोजे आ रहे." मग हळूच, "मैं खोली देख लेती."
तिच्याकडं बघवेना.
संध्याकाळी कोपऱ्यावरचे शिंदेभाऊ भेटले. ते म्हणाले, "अहो, ते लोक शेगड्या बघतात. दोन शेगड्या म्हणजे दोन बिऱ्हाडं." खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

१ फेब्रु., रवि.
खोटं बोलायचं नाही ना, मग खरंच करू म्हटलं. आपा हसली. तिची शेगडी खाली आणून माझ्या माळ्यावर टाकली. तिचा तवा अन् मसाल्याचा डबा माझ्या ओट्यावर. आता स्वयंपाक एकच.
भाडं घ्यायला नाही म्हटलं तर तडकली. "खैरात पे नहीं रहती मैं." भरल्या ताटावरून उठून गेली. मला लई लागलं ते.

३ फेब्रु.
आपा भाजीची पिशवी घेऊन आली. म्हणाली, भाड्याच्या जागी बाजार यापुढं तिचा. मी हो म्हटलं. जेवलो.

८ फेब्रु., रवि.
सिल्लोडहून तिच्या भावानं हुरडा पाठवला. अंगणात बसून खाल्ला. लिंबाची पिवळी पानं पडत होती, ताटात, तिच्या ओढणीवर. कुणीच उचलत नव्हतं. तिला तिखट लागतं, मला अळणी. भांडून भांडून आमटी बरी व्हायला लागलीय.
दुपारी एकाच चटईवर दोघी. ती झोपेत बडबडते हे तीस वर्षांत माहीत नव्हतं. ऊन सरकत सरकत पायापर्यंत आलं. नळाला पाणी आलं तेव्हा जाग आली. बघायला कुणी आलेलं नाही अजून. येऊच नये असं वाटतं.

१३ फेब्रु., शुक्र.
आला. तरुण पोरगा, टेप घेऊन. अंगण लगेच संपलं. वर जाऊन आला, स्वयंपाकघरात डोकावला.
"या कोण?"
मी तोंड उघडायच्या आत आपा बोलली. "तीस साल किराये से रही. अब इनके साथ खाती हूं."
त्यानं कागद काढला.
"मग मी काय लिहू, मावशी?"
"जो दिखा, वो."
पेन धरून उभा राहिला बिचारा. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ती सांगते तेच खरं. "साहेबांना विचारून कळवतो," म्हणाला. चहा पिऊन गेला. शेगडीबद्दल चकार शब्द नाही. शिंदेभाऊंना एकदा गाठायचंय.

१७ फेब्रु., मंगळ.
काही कळलेलं नाही. प्रशांत रोज विचारतो.
एक-दोन दिवसांत चंद्र दिसला की रोजे. आपा माळ्याकडं बघून म्हणाली, "चूल्हा ऊपर ले जाऊं? सहरी पकानेकू अंधारेमें उठना पडता, तुम्हारी नींद खराब होती."
सूट हवीच आहे मला. पण नाही मिळाली तरी ती शेगडी वर जायला नकोय. एवढं सरळ होतं, तरी तोंडातून निघेना.
म्हटलं, "मला पण उठव. कणीक रात्रीच भिजवून ठेवते. किती पोळ्या खातेस तेवढं सांग."