मायनरची डिकी

१६ नोव्हेंबर १९९७
आमच्या रवीने सकाळी मुंबईचं गिऱ्हाईक आणलं. जुन्या गाड्या जमवायचा नाद असलेला माणूस, बोलायला गोड. आमच्या काळ्या मॉरिस मायनरभोवती फिरला, बॉनेट उघडलं, डिकी उघडली. जॅक काढून बघितला आणि परत आत टाकला. ठण्णकन वाजला. ओट्यावर खुर्चीत बसलेले अण्णा काठी आपटायला लागले. "बरं, बरं, बरं."
गणपतीत झटका आला, उजवं अंग गेलं, तेव्हापासून तोंडात एवढा एकच शब्द. चहा हवा तरी बरं, नको तरी बरं, संतापले तरी बरं.
रवी म्हणाला, गाडी विकू नका असं सांगतायत. ते तर आहेच. पण मला दुसरंच कळलं. जॅक जागेवर ठेवला नाही.
माणूस गेल्यावर ठेवायला गेले तर जागा माहीत नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, अण्णांनी या डिकीत बायकोला कधी हात घालू दिला नाही. कपडे, भांडी, माहेरची पिशवी, सगळं मागच्या सीटवर.

१७ नोव्हेंबर
दुपारी अण्णांना धरून धरून गाडीमागे नेलं, खुर्ची मांडून बसवलं. डिकीच्या तळाची फळी उचलली की खाली खण आहे. त्यात स्टेपनी आडवी. बाकी सगळी हत्यारं अस्ताव्यस्त. जॅक, व्हील पाना, हवेचा पंप, इंजिन फिरवायचं लांब हँडल, कापडात गुंडाळलेले लहान पाने आणि पक्कड. आजारपणात मेकॅनिकने काढली होती, तशीच कोंबून गेला.
एकेक वस्तू वर धरायची, अण्णा डाव्या हाताने दाखवायचे. मी ठेवायची. बरं. म्हणजे चुकलं. परत काढ.
शेवटी फळी बसेना. अण्णा थकले, मीही. पदराला काळं ग्रीस. निघालं नाही.

२३ नोव्हेंबर
रवीशी बोलणं झालं. तो वाईट बोलत नाही, घाबरतो फक्त.
"आई, चालवणार कोण? मला सातपूरच्या कारखान्यातली ड्यूटी. पत्र्याखाली सडण्यापेक्षा चांगल्या माणसाकडे जाऊ दे ना."
"मी चालवीन."
कसं तोंडातून गेलं कोण जाणे. आजवर फक्त लुना चालवलीय, तीही मळ्यापासून मखमलाबादच्या बाजारापर्यंत.
रवी हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "आणि रस्त्यात पंक्चर झाली तर? अण्णा एका हाताचे, तू एकटी."
"तेही बघीन."
मग ठरलं ते असं. जानेवारीत निफाडला लेकीचं, मीनाचं डोहाळजेवण, तिच्या सासरी. अण्णांना तिथे मी मायनरमधून न्यायचं. नेलं तर गाडी राहील. नाही जमलं तर मुंबईवाला.
अण्णांना विचारलं. बरं. कुठल्या अर्थाने, देव जाणे.

३ डिसेंबर
शिकाऊ लायसन्स आलं. फोटोत चोरटी दिसते. आजपासून ड्रायव्हिंग स्कूल. बाकी सगळी पोरंसोरं, मी एकटी पन्नाशीपुढची. मास्तर म्हणतात, "मावशी, क्लच सोडा, जीव नका सोडू."

८ डिसें.
पंचवटीत चढावर स्कूलची गाडी बंद पडली. मागे टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. उतरले, त्याच्याकडे जाऊन म्हणाले, दादा, तुमचं वाजवून झालं की मी सुरू करते. त्याने हॉर्नवरचा हात काढला. मग गाडी पहिल्या झटक्यात निघाली. घरी येऊन जेवताना मला हसू आवरेना.

१४ डिसें.
अंगणात चाक काढायची प्रॅक्टिस. रवी ओट्यावर, मुद्दाम पेपर वाचत. अण्णा खुर्चीत.
हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला वीट लावली. मायनरचा जॅक दाराखालच्या भोकात घालून फिरवायचा असतो, मग गाडीची ती बाजू वर येते. आली. मला केवढा आनंद. आता पुढच्या चाकाचे नट सोडायला गेले तर चाकच गरगर फिरायला लागलं. अण्णांची काठी, बरं, बरं. गाडी खाली घे असं हाताने दाखवतायत. तेव्हा उजेड पडला. नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असताना. मग जॅक.
हाताने नट हलेनात. पान्यावर पाय देऊन उभी राहिले, साडी खोचून. करकर करत हलला. माझ्या वजनाचा पहिल्यांदा उपयोग झाला.
चाक काढलं, परत लावलं. रवीने पेपर खाली ठेवला होता.

२१ डिसें.
आजची तारीख लक्षात ठेवायची.
चाक काढून लावून झालं. जॅक उचलला आणि खणात ठेवायला गेले, तसाच, उंच झालेला. मागून आवाज आला, "खाली."
मी वळले. अण्णा जॅककडे बघत होते. परत म्हणाले, "खाली. खाली."
जॅक आधी पूर्ण खाली फिरवून घ्यायचा, मग तो खणात मावतो. म्हणून इतके दिवस फळी बसत नव्हती. पण ते मला नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच की माणूस बोलला. त्यांचं त्यांना कळलंसुद्धा नाही. जॅककडेच लक्ष.
मी जॅक फिरवला. बसला. पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून रडले. मग तोंड धुऊन बाहेर. काम अर्धं होतं.

२४ डिसें.
डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, ज्यात त्यांचा जीव आहे त्याच कामात बोलतं ठेवा, शब्द त्याच वाटेने येतील. म्हणजे रोज डिकी.

३० डिसें.
आलेले शब्द: खाली. पाना. घट्ट. डावीकडे. काल दूधवाल्याला "घट्ट" म्हणाले. तो बिचारा म्हणतो, अण्णा, पाणी नाय घालत हो मी.
बाकी ठिकाणी अजून बरं.

६ जानेवारी १९९८
पक्कं लायसन्स मिळालं. परीक्षेत इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवायचा असतो, तो सुरेख आला.
संध्याकाळी अण्णांना पुढे बसवून गंगापूर रोडला चक्कर. पहिल्याच खड्ड्यात डिकीतून खडखड. अण्णांचा डावा पंजा वर. थांबवली. उतरून बघितलं, पाना जॅकवर आपटतोय. सरकवला. पुढच्या खड्ड्यात परत. पंजा वर. आता हँडल. लोक बघत होते, ही बाई दर फर्लांगाला उतरून डिकी का उघडते म्हणून.
घरी पोचेपर्यंत आवाज होताच.

११ जाने.
त्यांची पद्धत अशी की ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सगळं बांधायचं. त्या पट्ट्या वाळून तुटल्यात. नव्या कापून लावल्या तरी माझ्या हाताला त्यांची गाठ जमत नाही, ढिली पडते.
मग मी माझं केलं. जुनी गोधडी फाडली, जॅकला पिशवी शिवली, नाडीची. पान्याला वेगळी, पंपाला वेगळी. हँडलला लांब बाही. सगळं शिवणयंत्रावर, एका दुपारी. जॅक डावीकडे, पाना स्टेपनीच्या पोटात, हँडल मागे आडवं.
अण्णांनी पिशव्या बघून तोंड फिरवलं. हत्यारांना झबली घातली, असंच वाटलं असणार. मी गाडी काढली. मुद्दाम खराब रस्त्याने, मळ्याच्या आतल्या बाजूने, जिथे बैलगाडीच्या चाकोऱ्या आहेत. गाडी उडत होती, आम्ही दोघं उडत होतो, डिकीत सुई पडल्याचाही आवाज नाही.
अण्णा कान देऊन बसले होते. परतताना हळूच मागे वळून बघितलं, डिकी आहे ना म्हणून.

२४ जाने.
उद्या निफाड. मीनासाठी फुलांचे दागिने घरच्याच मळ्यातले. शेवंतीचा मुकुट, गुलाबाचे बाजूबंद, मोगरा मिळाला नाही म्हणून निशिगंधाचा हार. ओल्या फडक्यात टोपल्या.
रवी मोटरसायकलवर मागून येतो म्हणाला. मी म्हणाले, पुढे जा, मागून नको. मागे कुणी आहे म्हटलं की मला घाई होते.

२५ जाने.
मीनाच्या घरूनच लिहितेय, अंगणात सगळे बसलेत, मी वहीचं पान मागून घेतलं. विसरायच्या आत.
सकाळी निघालो. औरंगाबाद नाका ओलांडला, ओढा गेलं, चांदोरी गेलं. दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव. उसाचे ट्रक, बैलगाड्या, सगळ्यांना वाट देत निवांत चालले होते. चांदोरीच्या पुढे गाडी डाव्या बाजूला ओढायला लागली. मी समजले. बाजूला घेतली. मागचं चाक बसलेलं.
जॅक खणात, खणावर फळी आणि फळीवर फुलांच्या टोपल्या. बाजूने उसाचे ट्रक, धूळ, ऊन. फुलं रस्त्यावर ठेवायची कुठे?
एक पिकअपवाला थांबला. द्राक्षांचे क्रेट घेऊन चाललेला, तरुण. "मावशी, सरका, मी करतो. लय वेळ नाय लागायचा."
मी म्हणाले, "चाक माझं मी बघते. तू माझ्या लेकीची फुलं सांभाळ."
त्याला कळेना. मग समजावलं. त्याने टोपल्या उचलून आपल्या पिकअपच्या सावलीत ठेवल्या आणि धुळीला आड होऊन उभा राहिला, डोक्यावरचं फडकं काढून पाठीमागे धरून.
वीट घरून आणली होती. नट ढिले केले, पाय देऊन. एक नट हलेना. अण्णा दार उघडून, पाय बाहेर काढून बसलेले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "अगं."
मला नावाने त्यांनी जन्मात हाक मारली नाही. अगं हेच माझं नाव या घरात. गणपतीपासून ते ऐकलं नव्हतं.
"अगं. टोकाला."
पाना टोकाला दाबायचा. दाबला. हलला.
अण्णांना धरून उतरवून बाजूला उभं केलं, जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं, स्टेपनी चढवली, नट आवळले. जॅक खाली. मग पंक्चर चाक खणात आडवं, पाना त्याच्या पोटात, जॅक डावीकडे, हँडल मागे. प्रत्येकाला आपली पिशवी, नाडी बांधून, म्हणून फुलांना ग्रीसचा डाग लागायचा प्रश्नच नाही. फळी टेकवली आणि ती एका तळव्याने बसली. वर टोपल्या. पिकअपवाला डिकीत डोकावून म्हणाला, "लय भारी बसवलंय, मावशी. कुणी शिकवलं?" मी अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णांनी माझ्याकडे.
त्याला एक गुलाब दिला. त्याने तो आरशाला अडकवला आणि गेला.
निफाडला पोचलो तेव्हा मीनाच्या सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. माझे हात कोपरापर्यंत काळे. "अगबाई, विहीणबाई, काय हो हे?" मी म्हणाले, गाडी पंक्चर झाली, चाक बदललं. "कोणी?" "मीच."
त्यांनी अख्ख्या अंगणाला ओरडून सांगितलं. बायका गाडी बघायला जमल्या. डिकी उघडून दाखवावी लागली. माझ्या गोधडीच्या पिशव्या हातोहात फिरल्या. मीनापेक्षा मीच मिरवले असं मीना म्हणते. मुकुट तिला फार शोभला. एक पाकळी मोडली नव्हती.
रवी आधीच पोचला होता. आला, चाकाजवळ बसला, नट हाताने चाचपून बघितले. घट्ट. हात धुवायला मला पाणी घातलं, साबण लावून ग्रीस त्यानेच चोळून काढलं.

२८ जाने.
रवीने मुंबईला फोन केला. मी आतून ऐकलं. "नाही साहेब, गाडी घरात लागते. आई चालवते." हे शेवटचं वाक्य त्याने जरा मोठ्याने म्हटलं. तिकडून काहीतरी विचारलं असावं. "हो, आईच."

३ फेब्रुवारी
शेजारच्या ताराबाई आल्या होत्या. मला शिकवाल का म्हणतात. मालक नाय म्हणत्यात, पण तुम्ही शिकवलं तर नाय म्हणायला तोंड नाय राहणार. रविवारपासून या म्हटलं. आधी चाक काढायचं, मग चालवायचं.

८ फेब्रु.
सकाळी फुलं तोडून आले तर खुर्ची रिकामी. जीव उडाला. काठी ओट्याला टेकवलेली. पत्र्याखाली बघितलं, अण्णा मायनरमध्ये. ड्रायव्हरच्या सीटवर. कसे चढले, किती वेळ लागला, कुणी बघितलं नाही. किल्ली डाव्या हातात. उजवा हात त्यांनी डाव्याने उचलून स्टिअरिंगवर ठेवलेला, तो तिथे तसाच पडलेला. उजवा पाय ॲक्सिलेटरच्या जवळ, पण वर नाही.
रवीला हाक मारावी असं वाटलं. मारली नाही. डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत आहे. नको म्हणायला हवं होतं, तेही म्हणाले नाही.
फिरून दुसऱ्या बाजूने आत बसले, डाव्या सीटवर. बऱ्याच दिवसांनी. तिथून अंगण वेगळंच दिसतं.
अण्णांनी माझ्याकडे बघितलं. किल्ली लावायला डावा हात पलीकडे नेला.
मी गाडी न्यूट्रलला आहे ना, तेवढं बघितलं.