सातावर शंतनुचा पाय

ती. मल्हारमामांना तनयचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींना सांगा, त्यांच्या चकल्या इथे बंगळुरात सर्जापूर रोडवर पोचेपर्यंत अख्ख्या राहिल्या, माझ्या खोलीत मात्र एक संध्याकाळही टिकल्या नाहीत. मी मजेत आहे. (मजेत नाही. पण आधी गणित.)

मामा, तुम्ही जन्मभर निपाणीत गणित शिकवलंत, पण ही संख्या ऐकली आहे का? ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. चोवीस आकडी! मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कोणी भागू शकत नाही. असल्या पुष्कळ असतील म्हणाल. थांबा! डावीकडचा ३ पुसा, उरते तीही मूळ. मग ५ पुसा, तीही मूळ. असं शेवटच्या सातापर्यंत, एकदाही भाग जात नाही! शून्य एकही नाही आणि या जातीतली याहून मोठी संख्या जगात नाही. अंगावर काटा आला ना? मला आला, कारण हे सगळं मला सिद्धीने सांगितलं. (आमच्या सोसायटीतल्या अंजलीकाकूंची मुलगी, गणितात एम.एस्सी. करते, हसताना चष्मा वर सरकवते.) मी रात्री डोळे मिटले की आता आकडेच दिसतात. एक एक करून सगळं काढून घेतलं तरी जे फुटत नाही, ते प्रेम नाही तर काय हो?

म्हणून आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीच्या दिवशी मी जिन्यापासून लिफ्टपर्यंत ती संख्या रांगोळीने काढली. लिफ्ट सकाळपासून बंद, म्हणजे लोक जिन्याने डावीकडूनच येणार, पायांनी आकडे क्रमाने पुसले जाणार आणि मी माइकवर दरवेळी ‘अजून मूळच!’ असं ओरडणार. बेत चोख होता. पण आपली माणसं रांगोळीवर पाय देतात का? धोतरं वर धरून, साड्या सावरून उड्या मारत पलीकडे! मी घसा फोडून ‘पाय द्या, पाय द्या’ म्हणतोय आणि लोक मला वेड्यात काढतायत. शेवटी अंजलीकाकूंच्या साडीच्या काठाने ३ गेला, मी हातापाया पडून ५ आणि ७ पुसून घेतले. सिद्धी हसत होती! माझं डोकं तापलं (आनंदानेही तापतं, तुम्हाला माहीत आहे) आणि मी माइकवर जाहीर केलं, आता या संख्येला भाग गेला तर मी या सोसायटीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

त्याच क्षणी वॉचमन बसवंतअण्णा ओरडले, ‘सरी आयतु!’ (झाली दुरुस्त!) आणि लिफ्ट उघडली. आतून शंतनु. (सिद्धीच्या मजल्यावरचा, पुण्याचा, मोठ्या कंपनीतला, परफ्यूमचा.) फोनमध्ये बघत थेट उजव्या टोकाच्या सातावर! मी त्याची कॉलर धरली. सिद्धीने क्षणभर आकड्यांवर नजर फिरवली आणि म्हणाली, ‘उरलेल्या आकड्यांची बेरीज नव्वद. तीनानेच काय, नवानेही भाग जातो.’

मामा, मी चपला शोधायला लागलो. खरंच. पण ती खाली बसली, चिमटीत रांगोळी घेतली, सात पुन्हा काढला आणि म्हणाली, ‘घे, झाली मूळ. दरवेळी एवढं तापायलाच हवं का रे?’ तो सात मी काढलेल्यापेक्षा सुबक आहे! मी त्याभोवती खुर्च्या लावल्यात.

तुमचा लाडका भाचा,
तनय

ता. क. : घाईत मी तिला म्हणालो की ही संख्या मी स्वतः हाताने तपासली आहे. आता रविवारी तिच्या घरी निदान ९१३७ मूळ आहे हे करून दाखवायचंय. सातापर्यंत पोचलो, बाकी दोन उरली, पुढे अकरापासून एकोणनव्वदपर्यंतचे भागाकार बाकी आहेत. शनिवारच्या बसने याल का?

ता. क. २ : रविवारी तिने शंतनुलाही बोलावलंय. म्हणजे आम्ही तिघं. मामा, गुडघ्याचं काहीही असो, याच. तुम्ही आलात की चौघं, आणि चाराला तीनाने भाग जात नाही.