उन्हामागे गेलेली शाळा

वेल्ह्याच्या पुढची वाडी,
पौष शुद्ध द्वादशी, शके १८५६

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या मालिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

भोरास तुम्ही सर्व मंडळी खुशाल असाल. वहिनींचा खोकला हटला का? (अडुळशाचा काढा करून पाहा, कडू लागला तर तो लागू पडतो आहे असे समजावे.) इकडे आई उत्तम आहे. सकाळी तिचे गुडघे कुरकुरतात, मग गुडघ्यांच्या वतीने तीही कुरकुरते. पण ऊन चढले की सगळेच शांत. माझी प्रकृती ठणठणीत आहे. फक्त नाकाचा शेंडा मार्गशीर्षापासून माझा वाटत नाही.

तुम्ही कचेरीत बसता, तेव्हा दिपोटीसाहेब आमची शाळा तपासून गेल्याची बातमी, तिखटमीठ लावून, तुमच्या टेबलापर्यंत एव्हाना आली असेल. म्हणून खरे काय झाले ते मीच कळवते.

आमच्या शाळेच्या खोलीची कौले दिवाळीआधीच्या वादळात अर्धी गेली आणि उरलेली वानरांनी नेली. (वानरे कौलांचे काय करतात हे मला अजून कळलेले नाही. त्यांची घरेही शाकारलेली दिसत नाहीत.) कौलांसाठी मी तीन अर्ज धाडले. ते तुमच्याच कचेरीत कशाखाली तरी असतील. कृपा करून एकदा उचलून पाहा. खोली डोंगराच्या पोटाशी, त्यामुळे दुपार कलल्याशिवाय तिच्यात उन्हाची तिरीप येत नाही. वरून आभाळ, खालून ओल. मार्गशीर्ष सरत आला तशी अठ्ठावीस मुलांची नऊ झाली. त्यात वरून हुकूम आला, की महिनाभर हजेरी विसाच्या खाली राहिली तर माघापासून शाळा बंद. मग मुलांनी वेल्ह्याच्या शाळेत जावे. मोठ्या माणसाला दोन तासांची वाट, दादा, आणि मधे दोन ओढे. मुलगे कदाचित जातील. माझ्या अकरा मुलींतली एकही जाणार नाही, कारण त्यांना कुणी पाठवणारच नाही.

राहिलेली एकोणीस मुले कुठे असतात म्हणून मी शोधत निघाले, तर ती कामाला नव्हे, उन्हाला गेलेली! कुणी भिंतीला टेकलेले, कुणी खळ्यावर पेंढ्यात पाय खुपसून बसलेले. साळू म्हणाली, "बाई, साळंत हाडं वाजत्यात. हितं शिकवा की." ही साळू दहा वर्षांची आहे आणि तिच्याशी वाद घालून अजून कुणी जिंकलेले नाही. मी फळा उचलला.

तेव्हापासून आमची शाळा उन्हामागे फिरते. सकाळी मारुतीचा पार, मग रतनबाईंचे खळे (रतनबाई म्हणजे आमच्या घरमालकीण, ताक पाजल्याशिवाय त्या कुणाला हलू देत नाहीत), दुपारी ओढ्यातला मोठा कातळ. फळा दोन थोरली मुले वाहतात, हजेरीपत्रक माझ्या पदराखाली, आणि आई शेवटी, स्वतःचा पाट घेऊन. आठवड्यात हजेरी सव्वीस झाली.

मंगळवारी दिपोटीसाहेब न कळवता तट्टावर आले. शाळेत पाहतात तर रेडकू बांधलेले. गेनबा कोतवालाला त्यांनी शाळेचा पत्ता विचारला. गेनबा म्हणाला, "साळा व्हय? ती न्याहारीपातूर पारावर असती. आता खळ्यावर गेली असंल." साहेब खळ्यावर गेले. तिथे रतनबाई म्हणाल्या, "आत्ताच उठली बगा साळा. घोटभर ताक घ्या." साहेबांनी ताक घेतले (सुटकाच नव्हती), कातळाकडे निघाले, आणि ओढा ओलांडताना घसरून दोन्ही पाय बुटांसकट पाण्यात गेले. आम्ही त्या वेळी एकोणतीसचा पाढा म्हणत होतो. तो अवघड असतो हे मान्य, पण त्यांचा चेहरा पाढ्यामुळे तसा झाला नसावा.

ते गरजले, की शाळा म्हणजे चार भिंतींतली जागा. बाहेर बसलेले मूल गैरहजर. सबब सव्वीसच्या सव्वीस गैरहजर. पेन्सिल काढून ते तसे लिहू लागले.

दादा, मला रडू येईल असे वाटले होते. आले नाही. मी म्हटले, "साहेब, मग आपण शाळेत जाऊ. परीक्षा तिथेच घ्या. पुरी घ्या."

आम्ही सगळे परत गेलो. रेडकू सोडले, ओल्या जमिनीवर सव्वीस मुले ओळीने बसवली, साहेबांना बरोबर मधोमध स्टूल दिले. पायांत ओले बूट, डोक्यावर मोकळे आभाळ आणि भिंतीच्या भगदाडातून येणारा डोंगरवारा. मी बिगरीपासून सुरुवात केली. मुलांचे दात वाजत होते, तरी एकही उठले नाही. शुद्धलेखनाला पाट्यांवर पेन्सिली नुसत्या कुडकुडत होत्या. बिगरी झाली, पहिली झाली. साहेब पाय चोळू लागले. म्हणाले, पुरे. मी म्हटले, अजून तीन यत्ता आहेत, परीक्षा दोन तास चालावी असा नियम आहे. दुसरीला त्यांच्या हातातून कागद पडला. तेव्हा साळूने, अगदी काळजीने, विचारले, "सायेब, तुमी बी कापताय. तुमची बी परीक्षा हाय व्हय?"

कुणी हसले नाही. मी मुलांना तसे डोळ्यांनी बजावले होते. पण साहेब हसले, दादा. आधी नाकातून, मग पुरते. म्हणाले, "बाई, चला बाहेर. धरतो बाहेरची हजेरी."

मी म्हटले, "तसे शेरेबुकात लिहून द्या. इथेच बसून."

त्यांनी लिहिले: उन्हात वर्ग भरविण्यास हरकत नाही, हजेरी ग्राह्य धरावी, कौले विनाविलंब द्यावीत. अक्षर बिगरीतल्या मुलासारखे आले आहे, पण सही ओळखता येते. मग कातळावर बाकीची परीक्षा झाली. साळूने धडा न अडखळता वाचला आणि साहेबांना दोन शब्दांचे अर्थ सांगितले, तेही त्यांनी विचारले नसताना. चोवीस मुले पास. शाळा चालू राहणार.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक,
मालिनी

ता. क. : गेनबाबरोबर तिळगूळ पाठवते आहे. कडक झाला आहे. वहिनींनी दाताने फोडू नये, खलबत्ता घ्यावा.

ता. क. दुसरा : माझ्या बदलीचा विषय. दिवाळीत मीच तुमच्यापुढे रडले आणि तुम्ही माझ्यासाठी वरिष्ठांच्या पायऱ्या झिजवून मला भोरच्या शाळेत जागा मिळवलीत. तुमचे उपकार मी विसरणार नाही. तो हुकूम दिपोटीसाहेबांनीच त्या दिवशी जाताना माझ्या हाती दिला. संध्याकाळी तो शेकोटीत पडला. म्हणजे मी टाकला. एक कोपरा बाहेर राहिला होता, तो आईने चिमट्याने आत लोटला. तरी त्याची दुसरी प्रत निघण्याआधी तुम्ही कचेरीत जाऊन माझी बदली रद्द करून घ्यावी, ही मुख्य विनंती. पत्र खरे तर याचसाठी लिहिले. आणि वहिनींनी आमच्यासाठी सारवून ठेवलेल्या खोलीत खुशाल कांदे पसरावेत.