आदी दोन घास खा

बिरूची आय,

पोलिसांनी बोलावलंय म्हणून पोराला घेऊन सोलापूरला चाललोय. शेरडांना पाणी दावलंय. बिरूनं बनवलेल्या व्हायरसनं शाळेचे समदे कंप्युटर बंद पडलेत. त्याचं वय लहान, म्हणून आईबाप जबाबदार, असं साहेब म्हणतोय. मी त्याला मारलं न्हाय. मारून ते पुसलं जातंय व्हय?

समद्या कंप्युटरांवर एकच ओळ येती, "आदी दोन घास खा, मग बघू." सरांनी मला इचारलं, "घरात असं कोण बोलतं?" मी तुजं नाव घेतलं न्हाय.

पोरगं सकाळपासनं उपाशी हाय. भाकरी बांधून घेतलीया, पण त्याला खा म्हणायला माजं तोंडच उघडंना.

— बिरूचा बा