कोकणात ओल असायचीच

११ जुलै
अप्पांच्या खोलीतली भिंत परत काळी. गेल्याच आठवड्यात ब्लीचने पुसली होती. आता पलंगाच्या उंचीपर्यंत उतरलीय, वरती हिरवट लव. चादर कुबट, उशी कुबट, अप्पांच्या बंडीलाही तोच वास. घरमालकांना वरून बोलावलं. दारातूनच मान आत घातली.
"कोकणात ओल असायचीच, वैशाली. खिडक्या उघड्या ठेवा, घरात कपडे वाळत घालू नका."
मी लांज्याची. मला कोकण शिकवतोय. ही आतली भिंत, हिला पाऊस लागतच नाही, हिच्या वर यांचं बाथरूम. तसं सांगितलं. "बघू," म्हणाले आणि गेले.

१३ जुलै
मालक रोज सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर लोकांना प्राणायाम शिकवतात, फुकट. पावसात कुणाच्या तरी हॉलमध्ये. आज माझ्याकडे ड्रायव्हिंग शिकायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "त्यांच्या घरात राहता तुम्ही? नशीब लागतं! काय निरोगी माणूस!"
असणारच. वर राहतो.

१९ जुलै
अप्पांना डॉ.कडे नेलं. छातीत घरघर, चार पायऱ्यांत दम. उभा जन्म घाटात एसटी चालवली, कधी सर्दीची रजा नाही. डॉ.नी तपासून पंप दिला. विचारलं, घरात बुरशी आहे? म्हटलं, आहे. "मग त्या खोलीत झोपवू नका. याने दमा बळावतो." कागदावर लिहून मागितलं. दिलं.
अप्पांचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला. मी स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय घालून.
अप्पा : "जाऊ दे गो बाय. वाकडं नको त्यांच्याशी. दुसरं घर कोण देणार आपल्याला?"
नवरा सोडून आलेली बाई, सोबत म्हातारा बाप. खरंच कोण देणार? तिघांनी तर चहा पाजून नाही म्हटलं होतं. पण अप्पांचं हे 'जाऊ दे' ऐकलं की डोक्यात जातं. खरं असतं म्हणून जास्तच.

२६ जुलै
रेवतीताईंचा ड्रायव्हिंगचा क्लास. गाडी चालवताना प्रत्येक चढावर बंद पाडतात, पण वकिली चोख. थिबा पॅलेसच्या चढावर, मागे रिक्षावाले हॉर्न मारत असताना, मला कायदा सांगितला. करार लिव्ह अँड लायसन्सचा, तेव्हा जुन्या भाडेकरूचे सगळे हक्क तुला नाहीत. पण मनात आलं म्हणून मुदतीआधी बाहेर काढता येत नाही. पाणी, वीज तोडता येत नाही. "आणि मोठी दुरुस्ती मालकाची, हे तुझ्याच करारात आहे. तोंडी बोलू नकोस. लेखी दे. फोटो लाव, डॉक्टरांचा कागद लाव."
क्लच सोडा हळू, म्हटलं. परत बंद.

२९ जुलै
दिलं लेखी. मालकांचा चेहरा असा, जणू मीच त्यांच्या भिंतीवर थुंकले.
"घरच्यासारखं वागवलं तुम्हाला. आणि तुम्ही नोटीस?"
घरच्यासारखं! यांच्या घरच्यांना विचारायला हवं.
संध्याकाळी रंगाचा डबा घेऊन एक माणूस पाठवला. बुरशीवरून सरळ पांढरा रंग फासायला. दारातून परत लावला.

१ ऑगस्ट
सकाळपासून नळाला पाणी नाही. मालक : "मोटर बिघडली." वर मात्र बादल्या भरल्याचा आवाज, आंघोळ, वर स्तोत्र. रेवतीताईंनी त्यांना फोन केला. काय बोलल्या माहीत नाही. भात शिजायच्या आत मोटर बरी झाली.
अशा माणसाला लोक वाकून नमस्कार करतात.

९ ऑगस्ट
मालक प्राणायाम शिकवायला गेलेले. काकू, म्हणजे त्यांची बायको, पहिल्यांदाच खाली आल्या. इतक्या महिन्यांत जिन्यात हसण्यापलीकडे ओळख नाही. अप्पांच्या बंद खोलीत गेल्या. पदर नाकाला. बोटाने भिंत दाबली तर पोपडा हातात आला.
"अगो, वर फरशी फुटलीय केव्हाची. पाणी टाकलं की मुरतं. मी सांगून दमले. म्हणतात, खाली कोण राहतंय आपलं?"
चहा विचारला. नको म्हणाल्या. अप्पांच्या पायाशी मात्र बराच वेळ बसून राहिल्या. गेल्यावर अप्पा म्हणाले, बाई चांगली. चांगली आहे, पण इतके दिवस वर गप्प बसली होती ना? मला इतक्या लवकर विरघळता येत नाही.

१८ ऑगस्ट
दुपारी जेवताना अप्पांना घास गिळवेना, श्वास पुरेना. ओठ निळसर. रिक्षा. दवाखाना. ऑक्सिजन लावला. रिक्षात माझा हात धरून होते, स्टिअरिंग धरल्यासारखा घट्ट.
पुढचं लिहवत नाही.

२१ ऑगस्ट
अप्पा बरे. बसून बोलतात.
मालक भेटायला आले. शहाळं घेऊन! खाटेजवळ स्टूल ओढून सुरूच झाले, "अप्पा, घाबरायचं नाही. डोळे मिटा. चार मोजत श्वास घ्या..." शेजारच्या खाटेवरचा पेशंटही डोळे मिटून बसला.
अप्पांनी मास्क बाजूला केला. म्हणाले, "साहेब, एक करा. आमच्या खोलीत रात्रभर झोपा. मग मला शिकवा श्वास कसा घ्यायचा तो."
हळूच म्हणाले. शिवी नाही, आवाज नाही. माझा जन्मभर 'जाऊ दे' म्हणणारा बाप.
मालक हसले, मग उठले. शहाळं तिथेच. अप्पा म्हणाले, फोडून घे, तू सकाळपासून काय खाल्लं नायस. प्याले. गोड होतं, काय करणार.

२५ ऑगस्ट
अप्पांना दवाखान्यातून परस्पर माझ्या थोरल्या बहिणीकडे लांज्याला सोडलं. या घरात आणलं नाही.

२ सप्टेंबर
ड्रायव्हिंग शिकवून आले तर वर धाडधाड आवाज. काकूंनी मालक मांडवीला गेले ते बघून गवंडी बोलावला, बाथरूमची फरशी उखडली. माझ्या इथली भिंतही खरवडली. आत जांभ्या दगडाचा लाल चिरा, पिळला तर पाणी निघेल असा. मालक परत आले, जिन्यात किंचाळले. इतकी वर्षं खोल श्वास घेणारा माणूस, आवाज फाटला.
"कोणाला विचारून?"
काकू : "मला कोण विचारतं?"
 मालक सरळ माझ्या दारात आले. करार संपला की घर रिकामं, एक दिवस जास्त नाही.
काकूंबद्दल ९ ऑगस्टला लिहिलं ते... असो.

१४ सप्टेंबर
कोकणनगर, शिरगाव, नाचणे. घरं बघून झाली. "मिस्टर कुठे असतात?" सगळ्यांचा पहिला प्रश्न. भिंतींबद्दल मी विचारलं की मीच भांडकुदळ.

२० सप्टेंबर
अप्पांचा फोन. तिकडे आडवे झोपतात आता, खोकला नाही. तरी मागे लागलेत. "मला घरी ने. लेकीच्या सासरी किती दिवस राहू?"
म्हटलं, भिंत ओली आहे. "मग कधी?" म्हटलं, बघते.
जिन्यात काकू भेटल्या. गवंडी म्हणतो, चिरा पूर्ण सुकायला दिवाळी उजाडेल. तोवर गिलावा करायचा नाही.
"करार दिवाळीच्या आधी संपतो, काकू."
"तू जाऊ नकोस. तू गेलीस की हे कच्च्यावरच रंग मारतील नि दुसऱ्या कुणाला तरी आणून ठेवतील." मग वर बघून, आवाज खाली करून : "घर अर्धं माझ्या नावावर आहे. मी बोलते."
वरून मालकांनी हाक मारली, चहा कुठाय म्हणून. काकू "आले, आले" करत गेल्या. अर्ध्या जिन्यात थांबल्या. मला वाटलं वळून काही सांगतील. कठडा धरून नुसत्याच उभ्या होत्या. वरून परत हाक आली.