रोहितची सम

२ नोव्हें., रवि.
रोहितचा अल्बम आला. सकाळी आईला स्पीकरवर लावून दिला. त्याचा सॅक्सोफोन, खाली संतोषचा बेस, मधे माझा तबला. तिसरा तुकडा सुरू झाला आणि आईचा पोहे परतायचा हात थांबला. "ही ह्यांची गत." ह्यांची म्हणजे बाबांची. अकरा मात्रांची तबल्याची रचना, सांगवीच्या ह्याच खोलीत बांधलेली, जन्मभर पोरांना शिकवलेली. ते जाऊन दोन वर्षं होतील आता. आईने विचारलं, नाव कुठे लिहिलंय? मोबाईलवर बघितलं. संगीत: रोहित. सगळ्या तुकड्यांना तेच. मी 'तालवाद्य'. बाबा कुठेच नाहीत.
पोहे करपले. तसेच खाल्ले.

४ नोव्हें., मंगळ.
जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटबाहेरून रो.ला फोन. चाकणच्या धुळीत उभी, कंटेनर जातायत, एका कानात बोट. म्हणाला, "अगं चिल ना! तबल्याचे बोल म्हणजे बॅकग्राउंड. कंपोझिशन म्हणजे मेलडी. काकांना थँक्स म्हणू ना स्टेजवरून."
थँक्स! तळपायाची आग मस्तकात. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर आपल्यालाच शिकवतोय बीळ म्हणजे काय. त्याची मेलडी त्या गतीवरच बेतलेली. गत काढली तर उरतं काय? नुसती फुंकर.
दुपारी रागात दोन चांगले पार्ट रिजेक्टमध्ये टाकले.

९ नोव्हें., रवि.
प्रॅक्टिस, रहाटणीत संतोषच्या घरी. शनिवारी कार्यक्रम. रो.ला अकरा मात्रा मोजता येत नाहीत, कधीच आल्या नाहीत. रेकॉर्डिंगला कानात मात्रा मोजणारी क्लिक होती. स्टेजवर माझ्या तोंडाकडे बघतो. मी तिहाई वाजवते, तोच बोल तीनदा, मग समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, मान हलवते, तो शिरतो. आज सारखं तेच, "तू मान हलवलीस की मी आलोच."
बरं. ये.

१२ नोव्हें., बुध.
शिफ्टवरून आल्यावर रियाज. तिहाई दोन मात्रा आधी संपवायची. धा दणकून, मान जोरात, वर हसायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, आली सम. खरी सम मागून येते. बाबा ह्याला अनागत म्हणायचे. तयारीचा गवई असेल तर गंमत म्हणून करायचे, पण त्याला आधी डोळ्यांनी सांगायचे. मी सांगणार नाही. पडू दे तोंडावर, सगळ्यांदेखत. मेलडी म्हणे!
आई दारातून, हे काय नवीन? म्हटलं, शनिवारचं. चहा ठेवून गेली.

१६ नोव्हें., रवि.
काल केलं.
चिंचवडचा हॉल भरलेला, हिंजवडीची निम्मी आयटी हजर. रो.ने स्टेजवरून साउंडवाल्यापासून सगळ्यांना थँक्स दिले. बाबांना विसरला. मग माझीही उरलीसुरली भीड गेली. मान हलवली. शिरला! संतोष एकीकडे, हा भलतीकडे, मी माझ्या अकरांत मजेत. रो.चे कान लाल. सॅक्स तोंडातून काढून उभा, जत्रेत चुकलेल्या पोरासारखा. पुढच्या फेरीला मीच परत मान हलवली, या वेळी खऱ्या समेवर, उपकार म्हणून. आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. शिट्ट्या! त्यांना वाटलं हेच ते फ्यूजन. अरे मेल्यांनो, पडला तो!
वायरी गुंडाळताना संतोष हळूच, "तू मुद्दाम पाडलंस त्याला. व्हय का न्हाई?"
"हो."
"मंग मला तरी सांगायचं, राव. आमी बी पडलो की."
त्याचं वाईट वाटलं. रो.चं अजिबात नाही.
गाडीत आई नाशिक फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. म्हटलं चिडली. मग म्हणाली, "अजून एक मात्रा आधी पाडायचंस त्याला."

१९ नोव्हें., बुध.
रो.चा फोन. वाटलं भांडणार, मी पदर खोचून तयार. तर हा, "अगं ते मधे काय केलंस! व्हिडिओ बघितलास? लोक वेडे झालेत!" लिंक पाठवली. बरोबर तेवढाच भाग कापून अपलोड केलाय, तो पडतो तिथला. खाली: संकल्पना आणि संगीत, रोहित.
म्हणजे माझा सूडसुद्धा त्याच्याच नावावर.
म्हटलं, बाबांचं नाव घाल. आत्ता. "बघू गं, घालू. आधी मला ते शिकव ना, कुठे पडायचं ते. पुढच्या अल्बमचा मेन ट्रॅक तोच करू." रडू आलं, रागाने. फोन कापला.

२३ नोव्हें., रवि.
शेवटी रो.ला मेसेज केला, शिकवते. आई आधी म्हणाली जाऊ नकोस. मग स्वतःच डग्गा गाडीत आणून ठेवला.
रहाटणी. रो. समोर मांडी घालून बसला, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून. "चला मॅडम, शिकवा." नावाचं विचारलं. "अगं हो, बघू म्हटलं ना." संतोष खाली बघत बेस जुळवत राहिला.
रो.ला म्हटलं, हाताने मोज. सहाव्या मात्रेवर अडखळतो. पुन्हा म्हटलं. पुन्हा अडखळला. शिकवते म्हणून कबूल तर केलंय. बरोबर शिकवायचं की चूक, ते अजून ठरत नाहीये.