लेव्हसन म्हांगोची लोखंडी पेटी

१४ ऑक्टोबर, मंगळवार
आज पहाटे प्रार्थनेआधीच चर्चच्या आवारातल्या बोअरवेलपाशी जाऊन उभा राहिलो. पंपाचा नवा कंट्रोलर काखेत. पहिला गेल्या पावसाळ्यात फळ्यांच्या पेटीत भिजून जळाला. तेव्हापासून बायका पुन्हा सरोवरावर पाण्याला जातात. तिथंच मगरीनं सुताराच्या बायकोचा हात नेला. पाळक म्हणाले, लेव्हसन, तिसरा कंट्रोलर कुणी देणार नाही, पेटी नीट निवडा. मंडळीत माझ्याइतका विचारी माणूस नाही, असं ते म्हणाले नाहीत. पण नजरेत होतं.
निश्चय: घाई करायची नाही. सगळ्यांचं ऐकायचं.

१६ ऑक्टोबर
एस्नात आली. बायकोच्या बहिणीची मुलगी, म्झुझू शहरात वायरिंग शिकलेली. न विचारताच म्हणाली, काका, राखाडी प्लॅस्टिकची बंद पेटी घ्या, झाकणाला रबर असलेली. टाकीच्या सावलीत लावा, वायरी खालून घ्या. एवढंच.
एवढंच म्हणे! प्लॅस्टिकच्या बादल्या असतात. पण मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं हीही सेवाच.

२२ ऑक्टोबर
लोहाराकडून लोखंडी पेटी करून घेतली. जुन्या ट्रकचा पत्रा. निळा रंग, भक्कम कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत ‘देवाच्या कृपेने, लेव्हसन म्हांगो’. देव मोठा आणि मी लहान, असं सांगितलं होतं. रंगाऱ्यानं उलट काढलं. पुसायला लावलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.
सगळ्यांना दिसावी म्हणून फाटकासमोर उन्हात बसवली. पाणी आलं. बायका गायल्या.

२९ ऑक्टोबर, दुपारी बारा
पंप आपोआप बंद. पेटीला हात लावला, तर चटका बसला. बायको न्यालॉन्गवे म्हणाली, अहो, तुमच्या पेटीवर मासे भाजून घेऊ का? सरपण वाचेल.
संयम.

३ नोव्हेंबर
पेटीला भोकं पाडली. चाळीस. पंप दुपारीही चालला. एस्नातला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती भोकांकडे बघतच राहिली. मग म्हणाली, काका, सरोवरावरून त्या चिलटांएवढ्या माशांचे थवे उठतील तेव्हा? मी म्हणालो, माशांना लोखंडात काय मिळणार? ती म्हणाली, ते खरं, दिवा लावत नाही तोवर काही नाही.

७ नोव्हेंबर
संध्याकाळी पाणी भरताना बायका चाचपडतात. पंपाच्या बॅटरीवर पेटीजवळ बल्ब लावला. केवळ त्यांच्यासाठी. झाकणावरची अक्षरंही वाचता येतात, हा योगायोग.
एस्नात दिव्याबद्दल काहीतरी म्हणाली होती. नीट आठवत नाही.

२० नोव्हेंबर, सायंकाळ
अमावास्या. सरोवरावर धुरासारखा लोट उठला. माशा! त्या पकडायला अख्खं गाव हवेत टोपल्या फिरवत धावलं. उद्या घरोघर त्या चिरडून थापलेल्या वड्या. मी तोंडाला रुमाल बांधून प्रार्थनेला बसलो. बल्ब चालू होता. आठवलं होतं, पण प्रार्थना अर्ध्यात सोडणं बरं नव्हे.

२१ नोव्हेंबर
पेटी उघडली. आत माशांचा ओला काळा लगदा, काठोकाठ. कंट्रोलर दिसेनासा झालेला. पंप बंद.
शेजारची म्हातारी ताट घेऊन आली. म्हणाली, लेव्हसन, बरं केलंस बाबा, आता टोपली फिरवायला नको. पाच वड्या झाल्या तिच्या.
न्यालॉन्गवेनं बादली उचलली आणि सरोवराकडे निघाली. मी मागे गेलो. ती गुडघाभर पाण्यात, मी काठावरून काठीनं पाणी बडवत उभा. पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थनांपैकी एकही आठवली नाही.

२३ नोव्हेंबर
एस्नात दोन दिवस कंट्रोलर साफ करत होती. दाढीच्या ब्रशानं. माझ्याच. आज हिरवा दिवा लागला. ती म्हणाली, नशीब, काका. मी म्हणालो, देवाची कृपा. ती म्हणाली, तीच हो, पण तिला रोज रोज कामाला लावू नका.
पेटी मिळेपर्यंत कंट्रोलर तिच्याच घरी. मी मागितला नाही.

२५ नोव्हेंबर
म्झुझूला जाऊन राखाडी प्लॅस्टिकची पेटी आणली. रबर दोनदा तपासून घेतलं. मिनीबसमध्ये मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्यानं विचारलं, काय, जेवणाचा डबा? हो म्हणालो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ
टाकीच्या सावलीत पेटी बसवली. म्हणजे एस्नातनं बसवली. मी स्क्रू धरले. वर कुणाचंच नाव नाही. बल्ब काढला. पाणी आलं.
मग रात्रभर मनाशी ठरवलेलं केलं. सगळ्या बायकांसमोर गळ्यातली किल्ली काढली, एस्नातच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, आजपासून पेटी तुझ्या ताब्यात.
ती म्हणाली, काका, हिला कुलूपच नाही, चार स्क्रू आहेत. ही किल्ली निळ्या पेटीची. त्या पेटीत मावशीची कोंबडी अंड्यांवर बसलीय, आणि झाकण तर मावशीनं कालच काढून चुलीच्या आडोशाला लावलं.
बायका हसल्या. न्यालॉन्गवेही हसली, सहा दिवसांनी.
किल्ली मी परत घेतली नाही.